२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येची ओळख

मराठीत जिला आपण 'मूळ संख्या' म्हणतो, तिला उर्दू पाठ्यपुस्तकांत 'मुफरद अदद' म्हणतात. हिंदीत ती 'अभाज्य' आणि जुन्या अरबी ग्रंथांत 'अदद अव्वल', म्हणजे 'पहिली संख्या'. हा शेवटचा शब्द ग्रीक संज्ञेचा सरळ अनुवाद आहे. एकाच वस्तूकडे चार भाषांनी चार बाजूंनी पाहिले आहे. 'मूळ' हा शब्द सांगतो की इतर संख्या हिच्यापासून घडतात; 'मुफरद' सांगतो की ती एकटी आहे, मिश्रण नाही; 'अभाज्य' सांगतो की तिचे तुकडे पडत नाहीत; आणि 'अव्वल' सांगतो की तिच्या आधी काही नाही. व्याख्या मात्र एकच : १ पेक्षा मोठी अशी संख्या, जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही.

प्रस्तुत लेखक भाषांचा अध्यापक आहे, गणिताचा नव्हे. या विषयाकडे तो वळला तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. संगणक प्रयोगशाळेत पर्यवेक्षणाचे काम करीत असताना एका विद्यार्थ्याने आपला पडदा दाखविला. त्याच्या कार्यक्रमात २१४७४८३६४७ या संख्येत १ मिळविला की उत्तर येत होते उणे २१४७४८३६४८. "सर, बेरीज केली तर संख्या वाढायला हवी, ही तर शून्याच्या खाली गेली," असे तो म्हणाला. उत्तर मला ठाऊक नव्हते. गणित विभागातील सहकाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी संगणकाचे कारण तर सांगितलेच, शिवाय सहज एक वाक्य जोडले : "ही संख्या मूळ आहे, आणि ती मूळ आहे हे एका जवळजवळ अंध झालेल्या माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी सिद्ध केले." तेथून पुढे जे वाचले व समजून घेतले, ते अध्यापक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे. यासाठी शालान्त गणिताइतकी तयारी पुरेशी आहे.

संख्येची घडण

२१४७४८३६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. वरवर पाहता हे दहा अंक कसेही मांडल्यासारखे दिसतात. परंतु २ ला २ ने गुणत गुणत ३१ व्या घातापर्यंत गेलो आणि त्यातून १ वजा केला की नेमकी हीच संख्या मिळते. या लेखात आपण ती २^३१ − १ अशी लिहू; या चिन्हानंतरचा आकडा घातांक समजावा.

द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ या दोन अंकांनी, ही संख्या लिहिली तर ती सलग ३१ वेळा १ अशी दिसते. आपल्या दशमान पद्धतीत ९९९९ मध्ये १ मिळविला की १०००० होतात, तसेच येथे १ मिळविला की एकावर ३१ शून्ये येतात. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर याच गोष्टीत आहे. त्याकडे पुढे येऊ.

२^प − १ या स्वरूपाच्या संख्यांना फ्रान्समधील पाद्री व विद्वान मारँ मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात. अशी संख्या मूळ असायची असेल तर घातांक प हा मूळ असणे आवश्यक आहे. कारण सोपे आहे. घातांक ६ घेतला तर २^६ − १ = ६३, आणि त्याला २^२ − १ = ३ व २^३ − १ = ७ या दोन्हींनी भाग जातो. घातांकाचे अवयव पडले की संख्येचेही पडतात. मात्र याचे उलट खरे नाही. ११ ही मूळ संख्या आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. म्हणून घातांक मूळ असला तरी प्रत्येक संख्या वेगळी तपासावी लागते. सगळी अडचण येथेच सुरू होते.

दावे आणि चुका

इटलीतील पिएत्रो कताल्दी यांनी १५८८ च्या सुमारास घातांक १७ व १९ यांच्यासाठी या संख्या मूळ असल्याचे प्रत्यक्ष भागाकार करून दाखविले. त्यांनी पुढे असेही म्हटले की घातांक २३, २९, ३१ व ३७ यांच्यासाठीही त्या मूळ आहेत. या चारांपैकी फक्त ३१ बरोबर निघाला. फर्मा यांनी १६४० मध्ये दाखविले की २^२३ − १ ला ४७ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो. २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो, हे पुढे ऑयलर यांनी दाखविले.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये आपली यादी प्रसिद्ध केली : २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. या यादीत ६७ व २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. ६७ चा प्रश्न तर दीर्घकाळ चालला. २^६७ − १ मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. पण तिचे अवयव १९०३ मध्ये अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी दाखविले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ३१ च्या बाबतीत कताल्दी आणि मर्सेन दोघेही बरोबर होते. तरीही २^३१ − १ मूळ असल्याचे श्रेय गणिताच्या इतिहासाने त्यांना दिलेले नाही. कारण त्यांनी सांगितले, सिद्ध केले नाही. ज्यांचे सहापैकी तीन दावे खरे आणि तीन खोटे, त्यांचा खरा दावा कोणता हे सिद्धतेशिवाय कळणार कसे? संशोधनपर लेखन करणाऱ्या आपणा सर्वांना, विषय कोणताही असो, हा प्रश्न लागू आहे.

ऑयलर यांची पद्धत

लेओनार्ड ऑयलर यांची उजव्या डोळ्याची दृष्टी तरुणपणीच गेली होती. सेंट पीटर्सबर्ग येथे असताना दुसरा डोळाही निकामी होत गेला आणि १७७२ पर्यंत ते जवळजवळ पूर्ण अंध झाले होते. त्याच सुमारास बर्नोली घराण्यातील योहान (तिसरे) यांना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात २^३१ − १ मूळ असल्याचा निष्कर्ष आहे.

एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायचे तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. वर्गमूळाच्या पुढे जाण्याची गरज नसते; कारण मोठा विभाजक असेल तर त्याच्या जोडीचा लहान विभाजक आधीच सापडला असता. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६३४० व ४६३४१ यांच्या दरम्यान आहे. तेवढ्या मर्यादेत पावणेपाच हजारांच्या घरात मूळ संख्या येतात. एवढे भागाकार हाताने करणे अशक्य नसले तरी फार कष्टाचे आहे. ऑयलर यांनी कष्ट वाढविले नाहीत. आधी विचार करून ते कमी केले.

विचार असा. समजा, क ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागल्यास बाकी १ उरते. २ च्या क्रमवार घातांना क ने भागत गेलो तर बाकी १ प्रथम ज्या घातावर येते, त्या घाताच्या पटींवरच ती पुन्हा पुन्हा येते. ३१ वर बाकी १ आहे, म्हणून तो पहिला घात ३१ चा विभाजक असला पाहिजे. ३१ मूळ असल्याने तो १ किंवा ३१ असेल. १ असू शकत नाही, कारण २ ला क ने भागून १ उरत नाही. तेव्हा तो ३१ च आहे.

आता फर्मा यांचे प्रसिद्ध प्रमेय सांगते की क ही विषम मूळ संख्या असेल तर २^(क − १) ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. म्हणून क − १ ही ३१ ची पट असली पाहिजे. क विषम आहे, म्हणजे क − १ सम आहे. तेव्हा ती ६२ ची पट झाली. पहिली चाळणी ही : विभाजक असेल तर ६२ च्या पटीहून १ ने अधिक असेल.

दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे ज्या वर्गसंख्येला क ने भागल्यावर २ उरतात अशी वर्गसंख्या अस्तित्वात आहे. असे केवळ तेव्हाच घडते, जेव्हा क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. ६२ च्या पटीहून १ ने अधिक असलेल्या संख्यांना २४८ ने भागले तर बाकी १, ६३, १२५ किंवा १८७ येते. आणि याच चार बाक्यांना ८ ने भागले तर अनुक्रमे १, ७, ५ व ३ उरतात. यांपैकी पहिल्या दोनच चालतात. म्हणून विभाजक असेल तर तो २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून आलेला असेल.

४६३४० पर्यंत अशा संख्या किती? पहिल्या प्रकारच्या १८६ आणि दुसऱ्या प्रकारच्या, खुद्द ६३ सोडून, १८६, एकूण ३७२. त्यांपैकीही ज्या संख्या स्वतः मूळ नाहीत त्या सोडून देता येतात. पावणेपाच हजारांचे काम असे ३७२ हूनही खाली आले. उरलेल्या एकाही संख्येने भाग गेला नाही आणि सिद्धता पूर्ण झाली. यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे हिच्याहून मोठी सिद्ध झालेली मूळ संख्या कोणाजवळ नव्हती.

परिपूर्ण संख्यांशी नाते

ज्या संख्येच्या (स्वतः ती सोडून) सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. अरबीत 'अदद ताम'. उदाहरणार्थ, ६ = १ + २ + ३ आणि २८ = १ + २ + ४ + ७ + १४. युक्लिड यांनी सिद्ध केले होते की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प − १) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. ३ × २ = ६ आणि ७ × ४ = २८ ही त्याचीच उदाहरणे.

मग प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच घडणीची असते का? हा उलट प्रश्न प्रथम हाताळणाऱ्यांत बसरा येथे ९६५ च्या सुमारास जन्मलेले व पुढे कैरो येथे राहिलेले इब्न अल-हैथम यांचे नाव येते. आपण त्यांना प्रकाशशास्त्राचे जनक म्हणून ओळखतो. संख्याशास्त्रातील त्यांचे काम वर्गात क्वचितच सांगितले जाते. त्यांची सिद्धता पूर्ण नव्हती. पूर्ण सिद्धता ऑयलर यांनी दिली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये, प्रसिद्ध झाली. इब्न अल-हैथम यांच्या लेखनात आणखी एक नियम आढळतो, जो पुढे युरोपात विल्सन यांच्या नावाने रूढ झाला आणि १७७१ मध्ये लाग्रांज यांनी सिद्ध केला : १ पासून मूळ संख्येच्या आधीच्या संख्येपर्यंत सर्वांचा गुणाकार करून १ मिळविला, तर त्या मूळ संख्येने भाग जातो. ७ साठी पाहा : १ × २ × ३ × ४ × ५ × ६ + १ = ७२१ = ७ × १०३. नियम सुंदर आहे, पण आपल्या संख्येसाठी त्याचा वापर करायचा तर दोन अब्जांहून अधिक गुणाकार करावे लागतील. सत्य नियम आणि सोयीचा नियम यांत फरक असतो, तो असा.

आपल्या संख्येपासून होणारी परिपूर्ण संख्या २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी आहे. इंग्लंडचे गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ च्या आपल्या ग्रंथात हिच्याविषयी असे मत दिले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि म्हणून कोणी तेवढे कष्ट घेणार नाही. या मताचे पुढे काय झाले ते पाहू.

नवी कसोटी

ल्युका यांनी १८७६ मध्ये एक निराळी रीत शोधली आणि तिच्या आधारे २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरविली. अमेरिकन गणितज्ञ डेरिक लेहमर यांनी १९३० मध्ये ती रीत सुबक केली. या रीतीत विभाजक शोधावेच लागत नाहीत. ४ पासून आरंभ करायचा. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. घातांक प असेल तर प − २ वेळा असे केल्यावर बाकी शून्य आली, तर आणि तरच संख्या मूळ. (प हा २ पेक्षा मोठा मूळ घातांक हवा.)

३१ = २^५ − १ साठी तीन पायऱ्या पाहा. ४ चा वर्ग १६, वजा २ = १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ = १९४; ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ = ६२; ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. २^३१ − १ साठी अशा केवळ २९ पायऱ्या लागतात. ऑयलर यांचे शेकडो भागाकार २९ वर आले.

संगणक याच रीतीने मोठमोठ्या संख्या तपासतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या अमेरिकेतील ल्यूक ड्युरांट यांनी अशाच सामूहिक संगणकीय शोधातून मिळविली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती माहीत झालेली ५२ वी मर्सेन मूळ संख्या होय. आपली संख्या या मालिकेत आठवी. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

मर्सेन संख्यांपुरती ही रीत आहे. कोणत्याही संख्येसाठी जलद व खात्रीची रीत आहे का, या प्रश्नाचे उत्तर ऑगस्ट २००२ मध्ये आपल्याच देशातून, कानपूरच्या आयआयटीतून, मिळाले. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ते दिले. तो शोधनिबंध २००४ मध्ये 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

संगणकातील स्थान

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. अनेक संगणकभाषांत साधी पूर्णांक संख्या ३२ घरांत साठविली जाते. प्रत्येक घरात ० किंवा १. एक घर धन-ऋण ओळखण्यासाठी जाते, उरली ३१. ती सर्व १ ने भरली की होतात २१४७४८३६४७. आणखी १ मिळविला की हातचा पुढे सरकत त्या बत्तिसाव्या घरात जातो, आणि यंत्र ती संख्या ऋण समजते. बेरीज चुकली नाही. भांडे भरून सांडले.

याच कारणाने १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ घरांत मोजणाऱ्या प्रणालींची मोजदाद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. ज्या प्रणाली तोवर बदललेल्या नसतील, त्या पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवतील. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील 'गंगनम स्टाइल' या गीताच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली, तेव्हा तेथील मोजणी ६४ घरांची करण्यात आल्याचे जाहीर झाले होते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. ही मर्यादा संख्या मूळ असल्यामुळे नाही. घरे ३१ असल्यामुळे आहे. ती मूळ निघाली हा योगायोग. परंतु दुसऱ्या एका कामात तिचे मूळपण खरोखर उपयोगी पडते.

वाहतूक, रोगप्रसार, हवामान यांचा संगणकावर अभ्यास करताना फासे टाकल्यासारख्या बेभरवशाच्या संख्या लागतात. त्यांना यादृच्छिक संख्या म्हणतात. यंत्र फासे टाकू शकत नाही. ते एक संख्या घेऊन तिला ठराविक गुणकाने गुणते आणि ठराविक भाजकाने भागून बाकी घेते. भाजक ८ व गुणक ३ घेतला तर १, ३, १, ३ एवढेच मिळते. भाजक ७ घेतला तर १, ३, २, ६, ४, ५ आणि मग पुन्हा १. म्हणजे १ ते ६ या सर्व संख्या एकेकदा येऊन जातात. भाजक मूळ असेल तर असा गुणक नेहमी मिळतो, ज्यायोगे शून्याखेरीज एकही संख्या सुटत नाही.

आपल्या संख्येसाठी ७ हा तसा गुणक आहे. त्याचा पाचवा घात १६८०७ हाही चालतो; कारण २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१, यात ५ हा अवयव नाही. १ पासून आरंभ केल्यास मिळते : १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८... आणि २१४७४८३६४६ संख्या होऊन गेल्याशिवाय एकाही संख्येची पुनरावृत्ती होत नाही. ही रीत १९६९ मध्ये लुइस, गुडमन व मिलर यांनी मांडली, आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी किमान मानक म्हणून सुचविली. गुप्त संदेशांसाठी ती पुरेशी सुरक्षित नाही. परंतु साध्या अनुकरणप्रयोगांसाठी वर्षानुवर्षे वापरली गेली. गुप्ततेच्या कामासाठी शेकडो अंकी मूळ संख्या लागतात, आणि १९७७ मधील रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची पद्धत त्यांवरच उभी आहे.

बार्लो यांना उपयोग दिसला नाही, कारण त्यांच्या काळात तो उपयोग करणारे यंत्रच नव्हते. त्यांचे गणित चुकले नव्हते. चुकला तो भविष्याविषयीचा निवाडा.

आणखी काही गुणधर्म

या संख्येला ४ ने भागल्यास ३ उरतात. म्हणून ती दोन वर्गसंख्यांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. तिचा घातांक ३१ हा स्वतः २^५ − १ आहे. म्हणजे ५ पासून ३१ आणि ३१ पासून २१४७४८३६४७, अशी मूळ संख्यांची साखळी तयार होते. हिलाच घातांक केले तर पुढची संख्याही मूळ असेल, अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. ती संख्या लिहायची तर चौसष्ट कोटींहून अधिक अंक लागतील. तरीही ती मूळ नाही हे निश्चित आहे, कारण तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. हा विभाजकही ऑयलर यांच्याच चाळणीतून आला आहे : २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १. साखळी तुटली, पण ती जिथे तुटली ती जागा नेमकी दाखविता आली.

वर्गात काय करता येईल

एका तासिकेत पुढील कृती घेता येतात. यांना संगणक लागत नाही.

१) शेवटचा अंक : २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. त्यावरून २^३१ − १ चा शेवटचा अंक ७ आहे, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

२) २^१३ − १ = ८१९१ : साध्या रीतीने ९० पर्यंतच्या २४ मूळ संख्यांनी भागावे लागते. चाळणी लावली, म्हणजे २६ च्या पटीहून १ ने अधिक आणि ८ ने भागून १ किंवा ७ उरणारी संख्या घेतली, तर एकटी ७९ उरते. ७९ ने भागल्यास बाकी ५४. एका भागाकारात सिद्धता पूर्ण.

३) २^१७ − १ = १३१०७१ : येथे १०३, १३७ व २३९ एवढे तीनच भागाकार पुरतात. बाक्या अनुक्रमे ५५, ९९ व ९९.

४) लेहमर यांची कसोटी १२७ साठी लावावी. पाच पायऱ्यांत १४, ६७, ४२, १११ आणि शून्य अशा बाक्या येतात.

दुसरी कृती मी भाषेच्या वर्गात करून पाहिली आहे. चोवीस भागाकारांच्या तयारीने बसलेल्या मुलांना एकच पुरतो असे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "बाकीचे का नकोत?" तो प्रश्न विचारला गेला की अध्यापकाचे निम्मे काम झाले.

समारोप

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांत वारंवार विचारला जातो. गणितातील अमूर्त विषयांबद्दल, आणि भाषांबद्दल तर अधिकच. विचारणारे पालक असतात, विद्यार्थी असतात, कधी आपणच असतो. उपजीविकेची चिंता असलेल्या घरांतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही. पण २१४७४८३६४७ चा इतिहास सांगतो की 'उपयोग नाही' आणि 'उपयोग अजून दिसला नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान करण्याइतकी माहिती बार्लो यांच्याजवळ नव्हती, आपल्याजवळही नसते.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या आठवड्यात मी उत्तर सांगितले. भांडे भरून सांडल्याचा दाखला त्याला पटला. संख्या मूळ असल्याचे सांगितल्यावर मात्र त्याने विचारले, "कशावरून?" कताल्दी यांनाही हाच प्रश्न विचारला जायला हवा होता. तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागावी, आणि उत्तर देताना आपण केवळ ग्रंथाचे वा मोठ्या माणसाचे नाव सांगून थांबू नये, एवढीच अपेक्षा.